लुंबिनीचा फाटा

रविवारी सकाळी पाव आणायला म्हणून बबन खाली उतरला आणि शिरगावच्या नाक्यावर स्वतःलाच बघून थबकला. विजेच्या दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेल्या फ्लेक्सवर तो एका पांढऱ्या इमारतीपुढे हात जोडून उभा होता. चेहरा त्याचाच, तीन महिन्यांपूर्वी कारखान्यातल्या निरोप समारंभात काढलेला, डोळे अर्धवट मिटलेले. पण मानेखालचं अंग कुणा भलत्याचं होतं. बबनच्या उजव्या करंगळीचं पेर मशीनवर गेलं त्याला बावीस वर्षं झाली, आणि फ्लेक्सवरच्या माणसाची दहाही बोटं धड होती. मनगटात सोनेरी घड्याळसुद्धा होतं. खाली मजकूर होता: ‘मोटारसायकलने नेपाळ देशी जाऊन पवित्र लुंबिनीचे दर्शन घेऊन परतलेले, आपल्या विभागाचे भूषण, आयु. बबन हरिचंद्र ओव्हाळ यांचा जाहीर सत्कार. आज सायंकाळी पाच वाजता, बुद्धविहार सभागृह.’ त्याखाली नऊ शुभेच्छुकांचे नऊ चेहरे, सगळे बबनपेक्षा ठसठशीत. पाववाल्यानं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता म्हटलं, ‘काका, एकदम हीरो!’ बबन हसला, कारण अशा वेळी माणूस हसतोच. मग पाव बगलेत धरून तो परत फ्लेक्सखाली जाऊन उभा राहिला आणि ती पांढरी इमारत त्यानं नीट न्याहाळली. बघायला हवीच होती. एरवी ती त्याला कुठं दिसणार? अकरा दिवस तो नेपाळात मोटारसायकल फिरवत होता; लुंबिनीला मात्र गेलाच नव्हता.

तसं कुणी विचारलंही नव्हतं. मंगळवारी तो परतला तेव्हापासून बिल्डिंगमधले, विहारातले, रिक्षा स्टँडवरचे, सगळे एकच विचारत होते, ‘लुंबिनीत कसं वाटलं?’ गेलास का, असं एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं तो स्वतःला बजावत होता, आणि हेही त्याला कळत होतं की ही आपली पळवाट आहे. तो ‘रस्ता छान होता’ म्हणायचा. लोक मान डोलवायचे. एकदा तर खालच्या मजल्यावरच्या विष्णुपंतांनी ‘वा, रस्ता छान होता!’ असं काही गहन ऐकल्यासारखं स्वतःशी म्हणून डोळे मिटून घेतले होते. आणि आई, जिच्यासमोर ही पळवाट एक क्षणही टिकली नसती, ती पालेगावला त्याच्या बहिणीकडे, पुतळाबाईकडे, जाऊन बसली होती. ती आज थेट सभागृहातच येणार होती.

सगळं सुरू झालं ते अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर. कारखान्यातून निवृत्त होताना शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि घरी आल्यावर बबननं शीलाला, बायकोला, सांगितलं की मी बुलेटवरून नेपाळला जाणार. शीला निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाली, ‘बरं झालं, लुंबिनी होईल.’ तो खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करू लागला. बुलेट एकोणीसशे ब्याऐंशीची, अंबरनाथला एका मिस्त्रीच्या अंगणात कोंबड्या तिच्यावर बसायच्या तिथून आणलेली. बबन फिटर माणूस, निवृत्तीआधी दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्याशी झटत बसायचा. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये भगवानदासच्या दुकानात तो क्लच केबल घ्यायला गेला तेव्हा भगवानदासनं चष्म्यावरून बघत विचारलं, ‘साईं, नेपाल? धंदे के लिए?’ बबन म्हणाला, ‘नहीं, घूमने.’ ‘फिर उधर से माल तो ला. जॅकेट ला, टॉर्च ला. खाली हाथ जाके खाली हाथ कौन आता है?’ बबनला तेव्हा वाटलं होतं, सिंधी माणूस आहे, त्याला व्यापाराशिवाय काय सुचणार. पण घरी येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की शीलानं आणि भगवानदासनं एकच गोष्ट सांगितली होती. नुसतं जाऊ नकोस. काहीतरी काम घेऊन जा.

मग कामं येऊ लागली. राजरत्न, विहाराचा कार्यकर्ता, तिशीतला, दोन मोबाइल बाळगणारा, हँडलला निळा झेंडा बांधून गेला. विष्णुपंतांनी तिथलं एक पान आणायला सांगितलं, पिंपळाचं, पण पडलेलंच हवं, तोडलेलं नको. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी गयाबाई, त्याची आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हिंगाची रिकामी डबी घेऊन आली. तीनदा घासली होती, तरी वास जात नव्हता. ‘एवढी माती आण,’ ती म्हणाली. ‘जास्त नगं. एवढीच.’ छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, सहा वर्षांचा बबन तिचं बोट धरून होता, आणि त्या दिवसाबद्दल ती कधीच फार बोलायची नाही. फक्त म्हणायची, ‘त्या दिशी मान सरळ झाली.’ बबननं डबी घेतली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, ते ‘बरं’ म्हणून मिटलं. बॅगेत क्लच केबल, प्लग, पॉइंट, चेनची कडी, आणि त्या सगळ्याला हिंगाचा वास. इंदूरपर्यंत तो वास त्याच्या बरोबर होता, झाशीपर्यंत होता, गोरखपूरला टायर पंक्चर झाला आणि त्यानं सगळी बॅग रस्त्याकडेला उपसली तेव्हा तो वास एकदम तोंडावर आला. आणि तिथं, ट्रकांच्या धुळीत उकिडवा बसलेला असताना, त्याला आजा आठवला.

आज्याला, शिवरामला, त्यानं पाहिलं नव्हतं. बापानं, हरिचंद्रनं, सांगितलेलं तेवढंच. हरिचंद्र अंबरनाथला आगपेटीच्या कारखान्यात होता, बोटांना गुलाचा वास, रविवारी चाळीच्या पायरीवर बसून गावाकडचं सांगायचा. हौसेनं नाही, दाढ दुखत असताना जीभ तिथंच जाते तसं. गावात कुणी मेलं की पै-पाहुण्यांना कळवायला शिवरामला धाडायचे. ते त्याचं कामच होतं, जातीनं लागलेलं. पाऊस असो, ऊन असो, आठ कोस, दहा कोस. पोचल्यावर घरात जायचं नाही. अंगणाच्या बाहेर उभं राहून हाळी द्यायची, कोण मेलं ते सांगायचं, लोकांचं रडणं ऐकायचं, वरून टाकलेली भाकरी घ्यायची आणि मागं फिरायचं. त्याला बघितलं की बायका आधीच हंबरडा फोडायच्या. चाळीस वर्षं त्या माणसानं रस्ते तुडवले आणि एकदाही स्वतःच्या मर्जीनं कुठं गेला नाही. रस्ता दुसऱ्याचा, मढं दुसऱ्याचं, निरोप दुसऱ्याचा. पाय तेवढे त्याचे. हे हरिचंद्र सांगायचा आणि मग म्हणायचा, ‘म्हणून मी गाव सोडलं.’ पण गाव सोडून तो गेला कुठं, तर कारखान्यात, आणि कारखान्यातून घरी. बबननं टायर रिंगवर चढवता चढवता आपलाही हिशोब मांडून पाहिला. लग्नांना गेलो. मयतांना गेलो. सहा डिसेंबरला दादरला गेलो, नागपूरला दोनदा, ते मनापासून. शीलाच्या ऑपरेशनला केईएमला महिनाभर खेपा घातल्या. पण उगाच? रस्ता कुठं जातो बघू, एवढ्यासाठी? अठ्ठावन्न वर्षांत एकदाही नाही. त्याला स्वतःची कीव आली नाही, राग आला. आणि तो राग कुणा एकाचा नव्हता, त्यामुळे तो कुठं ठेवावा हे कळेना. बुलेटला किक मारताना तो राग थोडा किकवर निघाला.

सोनौलीची कमान ओलांडली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. गाडीच्या परवान्याच्या खिडकीतल्या माणसानं कागदावरून वर न बघता विचारलं, ‘लुंबिनी?’ हँडलचा झेंडा त्याला खिडकीतून दिसत होता. ‘घूमने,’ बबन म्हणाला. ‘हाँ हाँ, लुंबिनी,’ म्हणून त्यानं शिक्का मारला. भैरहवात फाटा आला. डावीकडं लुंबिनी, बावीस किलोमीटर. सरळ गेलं की बुटवल आणि मग डोंगर. फाट्यावर चहाच्या टपरीत पाचसहा माणसं बसली होती, त्यांनी झेंडा पाहिला आणि न विचारताच सगळ्यांनी डावीकडं हात केला. किती प्रेमानं केला! त्यांच्यात वाईट काही नव्हतं. बुद्धाशीही बबनचं भांडण नव्हतं. रोज सकाळी तो वंदना म्हणायचा आणि म्हणताना त्याला बरं वाटायचं. पण इंजिन चालू ठेवून, एक पाय जमिनीला टेकवून तो तिथं उभा होता आणि ते पाचसहा हात त्याला रस्ता दाखवत नव्हते, धाडत होते. जा, तुझं काम तिकडं आहे. नेपाळी पोरं, मराठी कार्यकर्ते, सिंधी दुकानदार, खिडकीतला बाबू, सगळ्यांना ठाऊक होतं की बबन ओव्हाळ कुठं चालला आहे. एकट्या बबनला विचारायचं राहून गेलं होतं. त्यानं क्लच सोडला आणि गाडी सरळ काढली. मागून कुणीतरी ओरडलं, ‘ओ दाइ, उता, उता!’ म्हणजे तिकडं, तिकडं. हेल्मेटच्या आत बबन मोठ्यानं हसत होता. दोन किलोमीटरवर हसू थांबलं. चार किलोमीटरवर आईचा चेहरा आला. पण बुटवलच्या पुढं एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये आपली ब्याऐंशीची बुलेट दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायला लागली, तेव्हा चेहरेबिहरे सगळे मागं राहिले, आणि झेंडा त्यानं स्वतः उतरवून, नीट घडी घालून, छातीशी आतल्या खिशात ठेवला. तो त्याचाच होता. पाटी म्हणून मिरवायचा नव्हता.

अकरा दिवसांत काय केलं म्हणाल तर काहीच नाही. तानसेनला एक दिवस पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांतून चढला-उतरला. रामदीच्या पुलावर गाडी लावून काळ्या गंडकीकडं तासभर बघत बसला. पाणी खरोखरच राखेसारखं काळपट होतं. स्यांजाच्या अलीकडं एका वळणावर म्हातारीचं चहाचं खोपटं होतं. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, ‘काम से आया?’ ‘नहीं.’ ‘मंदिर?’ ‘नहीं. ऐसेही.’ म्हातारीनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि ‘ऐसेही!’ म्हणून इतकी हसली की तिचा एकुलता एक दात दिसला. ‘अच्छा है,’ ती म्हणाली, आणि चहा ओतला. अठ्ठावन्न वर्षांत या उत्तराला मिळालेली ती पहिली मंजुरी. पुढं बेनीच्या वर रस्ता संपून नुसते गोटे सुरू झाले. तिथं दुपारी असा वारा सुटला की गाडी उभी करून तिला धरून बसावं लागलं, आणि त्या वाऱ्यात डोळ्यांतून पाणी गळत असताना बबनला वाटलं की आत्ता या क्षणी मी कुठं आहे हे जगात कुणालाही माहीत नाही, आणि कुणी माझी वाटही बघत नाही. दुसरं खरं नव्हतं. एक बाई वाट बघत होती.

परतताना तोच फाटा पुन्हा लागला. परवान्याचा एक दिवस शिल्लक होता. बावीस किलोमीटर. कोण अडवत होतं? बबन त्याच टपरीवर बसला, दोन चहा प्यायला, आणि या वेळी कुणी हात केला नाही, कारण झेंडा खिशात होता. त्याचं मन कुठं आडवं येत होतं ते त्याला कळत होतं. आता गेलो तर डबीसाठी जाईन. डबी भरीन, पान उचलीन, फोटो काढून घेईन, आणि मागचे अकरा दिवस एका दर्शनाच्या आगेमागेचा प्रवास होऊन बसतील. त्याला ते नको होतं, इतकं नको होतं की लाज वाटावी. आणि लाज वाटत असतानाच तो उठला आणि सरहद्दीकडं निघाला.

बुधवारी शीलानं बॅग धुवायला काढली आणि डबी हलवून पाहिली. तिला सगळं कळलं. तीस वर्षांच्या संसारात बायकोला रिकाम्या डबीचा आवाज ओळखता येतो. ती चिडली नाही. दुपारी भात वाढताना हलकेच म्हणाली, ‘अहो, बारवी धरणाच्या रस्त्याला जाऊन या ना. तिकडं माती चांगली लाल आहे. कोण बघतंय?’ बबननं ताट सरकवलं. ‘आईला खोटी माती देऊ?’ ‘खरी देणार होतात ती कुठाय?’ त्यानं ताट परत पुढ्यात ओढलं. ‘त्यांचं वय बघा,’ शीला म्हणाली. ‘तुमच्या हट्टापायी त्यांना कशाला शिक्षा?’ हट्ट हा शब्द त्याला लागला, कारण तो बरोबर होता. चार दिवस तो त्या शब्दाभोवती फिरत राहिला. हट्ट करायला वय लागतं का? लहानपणी केला नाही, कारण घरात हट्ट पुरवायला काही नव्हतं. तरुणपणी केला नाही, कारण तेव्हा हट्ट समाजानं करायचा होता, एकेकट्यानं नाही. मग राहिलं काय?

पावणेपाचला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तो सभागृहाच्या दारात राजरत्नला गाठून म्हणाला, ‘राजरत्न, ऐक. मी लुंबिनीला गेलो नाही रे.’ राजरत्न आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला, आणि मग एका कानाला लावलेला मोबाइल खाली घेऊन तो म्हणाला, ‘काका, आता फ्लेक्स लागलाय.’ ‘मग?’ ‘मग काय? एकदा फ्लेक्स लागला की लागला. नगरसेवक येतायत. तुम्ही दोन मिनटं बोला. शांत वाटलं बोला. बस. टेन्शन घेऊ नका यार काका, आपलेच लोक आहेत.’ आपलेच लोक होते. तेच तर. परक्यांपुढं खोटं बोलायला बबनला फारसं काही वाटलं नसतं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत गयाबाई बसली होती, पांढरं लुगडं, बाजूला पुतळाबाई, आणि मांडीवर एक धुतलेला रुमाल अंथरलेला. माती ठेवायला. बबनला तो रुमाल दिसला आणि त्यानं नजर दुसरीकडं वळवली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. राजरत्नचं भाषण झालं. त्यात बबनकाका हिमालय ओलांडून, बर्फ तुडवून, तथागताच्या जन्मभूमीत नतमस्तक झाले. टाळ्या पडल्या. शाल आली, पुष्पगुच्छ आला. मग माइक हातात आला.

‘मी लुंबिनीला गेलो नाही,’ बबन म्हणाला. सवयीनं दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. ‘फाटा लागला होता. जाताना लागला, येताना लागला. मी वळलो नाही.’

मागून कुणीतरी मदतीला आलं. ‘रस्ता बंद असंल!’

‘चालू होता. चांगला होता.’

‘टाइम नव्हता, टाइम नव्हता,’ राजरत्न बाजूनं पुटपुटला.

‘टाइम होता,’ बबन माइकमध्ये म्हणाला. ‘मी फिरायला गेलो होतो. नुसता फिरायला. माझ्या आज्यानं चाळीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवले. बाप कारखान्यात मेला. मला एकदा, एकदाच, कुणाचंही काम न घेता रस्त्यावर जायचं होतं. श्रद्धा नाही असं नाही. पण जन्मभर कुणीतरी सांगणार आणि आपण जाणार, हे मला नको होतं. बुद्धानंसुद्धा मला धाडलं नव्हतं. तुम्ही धाडलंत.’ त्यानं शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. ‘ही लुंबिनीला जाऊन आलेल्या माणसाची आहे.’

कुजबुज वाढली. नगरसेवक घड्याळाकडं बघू लागले. तेवढ्यात गयाबाई पुतळाबाईच्या खांद्याला धरून उभी राहिली.

‘आरं, मग डबी कशाला घेतलीस माज्या हातातनं?’ ती म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. ‘तीनदा घासून दिली तुला. तवाच न्हाई म्हणायचं हुतंस. मी आपली वाट बघत बसले. पुतळाला म्हणले, आता डोळं मिटलं तरी चालंल. कुणाचं काम नगं हुतं, तर माजं का घेतलंस?’

बबनपाशी राजरत्नला द्यायला उत्तर होतं, भगवानदासला होतं, साऱ्या जगाला होतं. याला नव्हतं. ती खरं बोलत होती. जगाला नाही म्हणायला तो सतराशे किलोमीटर गेला होता आणि स्वयंपाकघरात समोर उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायचं धैर्य त्याला झालं नव्हतं.

‘चुकलं, आई,’ तो म्हणाला. ‘तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं.’

‘मग आता म्हण.’

‘काय?’

‘पुन्यांदा जाशील माजी माती आणाया? ह्या समद्यांच्या म्होरं सांग.’

राजरत्ननं टाळ्यांसाठी हात उचलूनच ठेवले होते. बबन हो म्हणाला असता तर उद्याच नाक्यावर नवा फ्लेक्स लागला असता. आई त्याच्याकडं बघत होती, आणि तिला हो हवं होतं, हे त्याला लख्ख दिसत होतं. तिनं परीक्षाबिरीक्षा मांडली नव्हती. तिला माती हवी होती. तुलाच रेल्वेनं नेतो, असं म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं; पण या घटकेला ती लाच झाली असती. डोळे भरले ते त्यानं पुसले नाहीत.

‘नाही, आई,’ तो म्हणाला. ‘मी नाही जाणार.’

गयाबाई उभीच राहिली. तिचा खालचा ओठ हलला, मग घट्ट मिटला. पदरानं तिनं एकच डोळा पुसला, दुसऱ्याकडं लक्ष दिलं नाही.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘कळलं. बस आता खाली. लोकान्ला च्या प्यायचाय.’

‘बसत नाही,’ बबन म्हणाला. ‘अजून सांगायचंय मला.’ आणि राजरत्ननं माइकचं बटण बंद केलं तरी, बुटवल सोडल्यावर पहिला डोंगर कसा अंगावर येतो तिथून, त्यानं उघड्या आवाजात सांगायला सुरुवात केली. नगरसेवक निघाले. मागच्या तीन रांगा चहाला उठल्या. गयाबाई खाली बसली.